धाव, हवा आणि रबर

बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी धाव हा टायरच्या सर्वांत जुन्या प्रकारांपैकी एक, आणि मराठवाड्यात सर्वांत जास्त काळ टिकलेला. चाक जिथे जमिनीला लागते तिथे ते झिजते. ही झीज लाकडाने सोसू नये म्हणून चाकाभोवती लोखंडाची पट्टी आली. टायरचे पहिले काम एवढेच होते. धक्का पचवणे, ओझे पसरवणे, जमीन धरून ठेवणे ही कामे त्याच्याकडे फार उशिरा आली. त्यासाठी आधी रबर सापडावे लागले आणि मग त्यात हवा कोंडावी लागली.

चाक स्वतः महाराष्ट्रात किती जुने आहे, याचा पुरावा प्रवरेकाठी दैमाबादला मिळाला. तिथे १९७४ मध्ये सापडलेल्या धातूच्या चार शिल्पांपैकी एक बैलजोडी जुंपलेला रथ आहे. त्याची चाके भरीव आहेत, आऱ्यांची नाहीत. ही शिल्पे साडेतीन ते चार हजार वर्षे जुनी मानली जातात. तेव्हापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दख्खनच्या ओझ्याचा हिशेब बैलाच्या खांद्यावरच होता, आणि त्या हिशेबात लातूर जिल्ह्याच्या कर्नाटक सीमेवरच्या देवणीचे नाव ठळक आहे. पांढऱ्या अंगाचा आणि काळ्या तोंडाचा वानेरा, अंगभर पांढरा बाळंक्या, अंगावर अनियमित काळे ठिपके असलेला शेवेरा अशा तीन उपप्रकारांत ओळखला जाणारा देवणी गोवंश दूध आणि ओढकाम या दोन्हींसाठी जोपासला गेला. उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारात आणि नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ही जनावरे आजही लाल कंधारीच्या शेजारी उभी राहतात. गाडीचे चाक कसे असावे हा प्रश्न या मुलखात बैलापासून वेगळा काढता येत नाही.

लाकडी चाक सुताराचे आणि धाव लोहाराची. मध्ये तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले पुठ्ठे, आणि सगळ्यांना बाहेरून आवळणारी दोन-अडीच इंच रुंदीची धाव. धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लालबुंद झाली की प्रसरण पावते. मग तीन-चार माणसे सांडशांनी उचलून ती चाकावर बसवतात आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आकसते आणि सगळे आरे तुंब्यात घट्ट ओढले जातात. म्हणजे धाव झीज तर रोखतेच, पण चाकाला एकत्रही धरून ठेवते. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसले की धाव खुळखुळू लागे. तेव्हा गाडीवान चाके ओढ्याच्या पाण्यात ठेवून लाकूड फुगवून घेत. रेल्वेच्या चाकांनाही कित्येक दशके अशीच तापवून बसवलेली पोलादी धाव असे.

धावेची मर्यादा मात्र काळ्या मातीने दाखवून दिली. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात फुगून चिकट होणारी ही जमीन अरुंद लोखंडाला आधार देत नाही. भरलेली गाडी रुतते, आणि रुतलेले चाक पुढे सरकण्यासाठी बैलाला जणू सतत चढ चढावा लागतो. पक्क्या सडकेवर उलट घडते. तिथे चाक हलके फिरते, पण धाव सडकेला एका बारीक रेषेतच टेकते आणि त्या रेषेवरचा प्रचंड दाब खडी फोडत जातो. शिवाय लोखंड धक्का पचवत नाही. प्रत्येक खड्ड्याचा हिसका साटा, दांडी आणि जू यांतून थेट बैलाच्या मानेत जातो.

या तिन्ही दोषांवरचा उतारा एकच निघाला, तो म्हणजे कोंडलेली हवा. ही कल्पना प्रथम स्कॉटिश अभियंता रॉबर्ट विल्यम थॉमसन याने मांडली आणि १८४५ मध्ये तिचे पेटंट घेतले. रबर लावलेल्या कापडाची हवाबंद नळी आणि तिच्यावर कातड्याचे आवरण असे त्याचे चाक होते. घोडागाडीवर ते चाललेही, पण महाग पडले आणि विस्मरणात गेले. १८८८ मध्ये बेलफास्टला राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच गोष्ट नव्याने शोधली. पुढच्याच वर्षी विली ह्यूम या सायकलपटूने डनलॉपचे टायर लावून शर्यती जिंकल्या आणि धंद्याला तोंड फुटले. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचे पेटंट टिकले नाही. नाव मात्र टिकले. हा डनलॉप पेशाने जनावरांचा डॉक्टर होता. देवणीसारख्या गावात ही गोष्ट मोटारीच्या इतिहासापेक्षा अधिक आवडीने ऐकली जाईल.

हवेला धरून ठेवणारे रबर त्याआधीच वापरायोग्य झाले होते. कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला कळले की गंधक मिसळून तापवले की ते दोन्ही ऋतूंत लवचीक राहते. गंधकाचे अणू रबराच्या लांबच लांब साखळ्यांना ठिकठिकाणी जोडतात, त्यामुळे ताणलेले रबर मूळ आकारात परत येते. आजही प्रत्येक टायर साच्यात साधारण दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवून याच रीतीने पक्का केला जातो. रबराचे झाड मूळचे अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले. हेन्री विकहॅमने १८७६ मध्ये सुमारे ७०,००० बिया ब्राझीलमधून लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या आणि तिथून हे झाड श्रीलंका, मलाया असे करत आशियात पसरले. केरळात पेरियार नदीकाठी १९०२ मध्ये पहिली व्यापारी लागवड झाली. महाराष्ट्रात रबराच्या बागा दिसतात त्या सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग परिसरात. मराठवाड्याच्या हवेत हे झाड जगत नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया आणि इंडोनेशिया घेतल्यावर अमेरिकेचा रबरपुरवठा तुटला, आणि खनिज तेलापासून कृत्रिम रबर करण्याचा उद्योग काही वर्षांत उभा राहिला. आज मोटारीच्या टायरात कृत्रिम रबराचा वाटा मोठा असतो. ट्रक आणि विमानाच्या टायरात मात्र झाडाचे रबर जास्त लागते, कारण ते कमी तापते आणि फाटायला चिवट असते.

टायर काळा का, याचे उत्तर काजळीत आहे. सुरुवातीचे टायर पांढुरके होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे कारखान्यात बनवलेली अतिसूक्ष्म काजळी, मिसळली तेव्हा टायर किती तरी जास्त टिकू लागला. रंग हा केवळ त्याचा परिणाम.

देवणीचा परिसर त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली आणि संस्थानाच्या सडकांवर सरकारी मोटारींचे रबरी टायर फिरू लागले. भारतातला पहिला मोठा टायर कारखाना डनलॉपने १९३६ मध्ये बंगालमध्ये साहागंजला काढला. फायरस्टोनने मुंबईत शिवडीला बस्तान बसवले. मूळच्या इटालियन सिएटने १९५८ मध्ये मुंबईत कंपनी स्थापून भांडुपला उत्पादन सुरू केले, पुढे नाशिकलाही. १९८२ मध्ये ती आरपीजी समूहाकडे आली. एमआरएफचा कारखाना गोव्यात उसगावला आहे, ब्रिजस्टोनचा चाकणला. मराठवाड्याच्या वाट्याला वाळूज आले. तिथे गुडइयर कंपनी मोटारींचे टायर बनवते, आणि बाळकृष्ण इंडस्ट्रीज ट्रॅक्टर, खाणी व बांधकामाच्या यंत्रांचे टायर बनवून परदेशी पाठवते. शेतीचे टायर जगाला विकणारा उद्योग आणि लोखंडी धावेच्या गाड्या दोन्ही एकाच मराठवाड्यात नांदले.

बैलगाडीला रबरी टायर लावण्याची कल्पना कारखानदारांनीच पुढे आणली. डनलॉपने जनावरांच्या गाड्यांसाठी खास टायर काढला. देशाच्या काही भागांत रबरी चाकांच्या गाडीलाच लोक डनलॉप म्हणू लागले. महाराष्ट्रात ती टायरगाडी झाली. तिचा फायदा साध्या गणिताने कळतो. हवेचा टायर जमिनीवर जेवढी जागा व्यापतो ती ढोबळमानाने ओझे भागिले हवेचा दाब एवढी असते. एका चाकावर १,००० किलो ओझे आणि दर चौरस सेंटिमीटरला २ किलो दाब असेल, तर टायर सुमारे ५०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. म्हणूनच टायरगाडी शेताच्या वाटेवर रुतत नाही आणि डांबर फोडत नाही.

कायद्यानेही हा फरक मोजून दिला आहे. जनावरांच्या ओझ्याबाबतच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत मोठ्या बैलाच्या दोनचाकी गाडीसाठी साध्या चाकावर ९०० किलो, रबरी टायर असेल तर १,३५० किलो आणि बॉल बेअरिंग असेल तर १,८०० किलो अशी मर्यादा आहे. हे आकडे नीट पाहिले तर टायरगाडीच्या लौकिकात बेअरिंगचा वाटा टायरपेक्षा कमी नाही, हे लक्षात येते. जुन्या आखावर चाक वंगणाच्या भरवशावर फिरे. टायरगाडीच्या आखाला बेअरिंग आले आणि तिथले घर्षण खूपच कमी झाले. श्रेय मात्र सगळे रबराला मिळाले, कारण ते दिसते.

मराठवाड्यात टायरगाडीला खरा मुलूख मिळवून दिला तो उसाने. मांजरा खोऱ्यात सहकारी साखर कारखाने उभे राहिले, देवणी तालुक्यातही तळेगावला खासगी कारखाना आला. ऊसतोडीच्या भाषेत ‘गाडी सेंटर’, ‘टायर सेंटर’ आणि ‘डोकी सेंटर’ असे भेद रूढ झाले. मजुराची स्वतःची लाकडी चाकाची गाडी असेल ते गाडी सेंटर, कारखान्याने दिलेली टायरगाडी ओढायची ते टायर सेंटर, आणि उसाच्या मोळ्या डोक्यावरून नेऊन ट्रकमध्ये किंवा ट्रॉलीत भरायच्या ते डोकी सेंटर. लोखंडी धावेच्या गाडीत जेवढा ऊस बसे त्याहून बराच जास्त टायरगाडीत बसू लागला, आणि इथेच सुधारणेची दुसरी बाजू उघडी पडली. ओझे ओढायला हलके झाले म्हणून ते वाढवले गेले. बैलाचे कष्ट कमी व्हायला हवे होते. कमी झाला तो कारखान्याचा वाहतूक खर्च. त्यात गाडीला ब्रेक नसतो. उतारावर सहज घरंगळणारे दोन-तीन टनांचे ओझे बैलांना मागून रेटते आणि ते थोपवायचे काम मानेवरच्या जुवाला करावे लागते. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेसाठी आयुष्यभर पाठपुरावा केला. हलका सांगाडा, सुधारित जू आणि ब्रेक हा त्यांचा आग्रह होता. गाड्यांना मिळाला तो टायर, तोही पुष्कळदा ट्रकवरून उतरवलेला जुना. बाकीच्या सुधारणा कागदावर राहिल्या.

ट्रॅक्टरचा टायर वेगळ्याच गरजेतून घडला. गाडीचे चाक फक्त फिरते. ट्रॅक्टरचे मागचे चाक जमिनीला रेटा देऊन नांगर ओढते. म्हणून त्यावर उंच, तिरप्या रबरी पट्ट्या असतात आणि त्या मिळून बाणासारखा आकार होतो. बाणाचे टोक आधी जमिनीला लागेल असाच टायर बसवावा लागतो, म्हणजे पट्ट्यांमधला चिखल बाहेर फेकला जातो. उलटा बसला तर चिखल आत दाबला जातो आणि चाक जागेवरच फिरते. पुढच्या टायरांना मात्र घेराभोवती सलग कडा असतात, कारण त्यांचे काम वळण धरण्याचे. नांगरटीच्या वेळी चाक घसरू नये म्हणून मागच्या ट्यूबमध्ये व्हॉल्व्हमधून तीन-चतुर्थांशपर्यंत पाणी भरण्याची पद्धत आहे. एका चाकात शंभर लिटरहून अधिक पाणी सहज मावते. तोच ट्रॅक्टर पुढे ट्रॉली घेऊन सडकेला लागतो तेव्हा हे पाणी काढायला हवे, नाहीतर डिझेल आणि ब्रेक दोन्हींवर ताण येतो. हे पाणी क्वचितच काढले जाते.

काळ्या जमिनीत ट्रॅक्टरचा टायर आणखी एक नुकसान करू शकतो, आणि ते वर दिसत नाही. वाफसा येण्याआधी ओल्या रानात जड यंत्र घातले की मातीतली पोकळी दबते, खाली घट्ट थर तयार होतो, सोयाबीन-तुरीची मुळे त्यात शिरत नाहीत आणि पाणी मुरत नाही. टायर जितका रुंद आणि त्यातली हवा जितकी कमी तितका दाब पसरतो. परदेशात शेतात हवा कमी आणि सडकेवर जास्त करणारी यंत्रणा ट्रॅक्टरलाच बसवलेली मिळते. इथे तो विवेक चालकाकडे आहे, आणि वाफशाची वाट पाहणे हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मोटार आणि ट्रकच्या टायरांत मुख्य भेद आतल्या दोऱ्यांच्या दिशेचा. जुन्या रचनेत नायलॉनच्या दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरपे छेदत जातात; ट्रकवाले त्याला सरळ ‘नायलॉन’ म्हणतात. मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या रेडियल रचनेत दोऱ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काटकोनात जातात आणि नक्षीच्या खाली पोलादी तारांचे पट्टे असतात. त्यामुळे बाजूची भिंत लवते तरी नक्षीचा पृष्ठभाग सपाट टेकलेला राहतो. टायर कमी तापतो, इंधन वाचते, आयुष्य वाढते. भारतात जे. के. टायरने १९७७ मध्ये रेडियल आणला. मोटारींत तो आता सर्वत्र आहे. ट्रकांत उशिरा आला, कारण जादा ओझे आणि खडकाळ वाट यांत रेडियलची पातळ भिंत लवकर कापली जाते, आणि जादा ओझे ही इथली सवय होती. ट्यूबलेस टायरात ट्यूबऐवजी आतून हवा न झिरपणाऱ्या रबराचा थर असतो. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, ट्यूबसारखी एका क्षणात जात नाही.

टायरच्या भिंतीवर त्याची कुंडली छापलेली असते. १८५/६५ आर १५ ८८ एच याचा अर्थ रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रचना रेडियल, रिम १५ इंच, एका टायरची क्षमता ५६० किलो आणि वेगाची मर्यादा ताशी २१० किलोमीटर. भिंतीवरच्या दुसऱ्या एका क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बनवण्याच्या तारखेचे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात जुना साठा नव्याच्या भावाने मिळू नये यासाठी हे चार आकडे वाचणे पुरेसे आहे.

समृद्धी महामार्गाने टायर हा विषय घरोघरी नेला. जालना आणि छत्रपती संभाजीनगरवरून जाणारा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्प्याने खुला झाला. त्यानंतरच्या अपघातांत टायर फुटण्याची चर्चा वारंवार झाली, आणि मोटार वाहन विभागाने प्रवेशद्वारांवर टायर तपासून नक्षी झिजून गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या परतही पाठवल्या. दोष सिमेंटच्या रस्त्याला देण्याकडे कल असतो. टायर फुटण्याचे नेहमीचे कारण मात्र कमी हवा, जादा ओझे आणि सलग वेग हे त्रिकूट आहे. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त लवते, लवण्यातून उष्णता तयार होते, उष्णतेने रबर आणि दोऱ्या एकमेकांपासून सुटतात. खेड्यातल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर हेच दुखणे ताशी ४० च्या वेगात झाकून राहते. १२० च्या वेगात ते उघड होते. मोटारीच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर खोलीची नक्षी हवी असा नियम आहे. नक्षीचे काम पाणी बाहेर काढण्याचे, त्यामुळे पहिल्या पावसात गोटा टायर सर्वांत धोकादायक.

झिजलेल्या ट्रक-बसच्या टायरावर नवी नक्षी चढवून तो पुन्हा वापरणे, म्हणजे रिमोल्ड, हा वाईट व्यवहार नाही. सांगाडा धड असेल तर तो काटकसरीचा आणि पर्यावरणाला मानवणारा आहे. एस.टी. महामंडळही हे करते. खेड्यात त्यानंतरही टायर संपत नाही. त्याच्या चपला होतात, जनावरांच्या गव्हाणी होतात. अगदी निकामी टायर बंद भट्टीत तापवून तेल आणि काजळी काढणारे कारखाने हा मात्र दुर्गंधीचा आणि विषारी धुराचा विषय आहे. जुलै २०२२ च्या केंद्रीय नियमांनी टायर बनवणाऱ्यांवरच जुन्या टायरांच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकली. रबराचा चुरा डांबरात मिसळून रस्ता करणे हा त्यातला सर्वांत स्वच्छ मार्ग.

पुढचे टायर कशाचे असतील, या प्रश्नाचा एक धागा थेट लातूरच्या आडत बाजारात येतो. गुडइयरने २०१७ मध्ये नक्षीच्या रबरात खनिज तेलाऐवजी सोयाबीनचे तेल वापरलेला टायर अमेरिकेत बाजारात आणला. या तेलाने रबर थंडीतही मऊ राहते आणि मिश्रण लवकर एकजीव होते. भाताच्या तुसाच्या राखेपासून काढलेली सिलिका, ग्वायुले नावाच्या वाळवंटी झुडपाचे आणि एका जातीच्या डँडेलियनच्या मुळांचे रबर, हेही प्रयोगशाळेबाहेर आले आहे. यामुळे लातूरच्या सोयाबीनचा भाव वाढेल अशी आशा मात्र कोणी धरू नये. टायरात लागणारे तेल खाद्यतेलाच्या बाजारापुढे चिमूटभर आहे.

विजेच्या गाड्यांनी टायरांपुढे नवे काम ठेवले आहे. बॅटरीमुळे त्या जड असतात, सुरुवातीलाच पूर्ण जोर लावतात आणि टायर लवकर झिजवतात. ही झीज कुठे जाते याकडे २०२० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील संशोधकांनी लक्ष वेधले. रबराला भेगा पडू नयेत म्हणून घातलेल्या ६पीपीडी या रसायनापासून तयार होणारे संयुग पावसाच्या पाण्यातून नद्यांत जाऊन कोहो जातीच्या सॅमन माशांना मारत होते. त्याला पर्याय शोधणे हे टायर रसायनशास्त्राचे आजचे सर्वांत निकडीचे काम आहे.

हवेशिवाय चालणारा टायरही आता कल्पना राहिलेला नाही. मिशेलिनने २००५ मध्ये ‘ट्वील’ दाखवला, ज्यात हवेच्या जागी लवचीक आरे असतात, आणि २०१९ मध्ये जनरल मोटर्सबरोबर मोटारींसाठी ‘अप्टिस’ जाहीर केला. असा टायर वेगात तापतो आणि आवाज करतो, म्हणून तो प्रथम गवत कापणाऱ्या आणि माती उचलणाऱ्या संथ यंत्रांवरच रुळला. हे पाहता भारतात त्याची सर्वांत योग्य जागा मोटार नसून उसाची टायरगाडी आहे. वेग माणसाच्या चालीचा, ओझे जबर, फडाच्या वाटेवर बाभळीचे काटे, आणि पंक्चर झाले की भरल्या गाडीखाली उभी जोडी. अडचण एकच आहे. तो टायर नव्या बैलजोडीच्या किमतीला मिळून चालणार नाही. ट्रकवरून उतरलेल्या जुन्या टायरच्या किमतीशी त्याला स्पर्धा करावी लागेल, आणि आज तरी ती तो करू शकत नाही.